डावी नळी काळी

सिग्नल लाल होता आणि पुढच्या गाडीची डावी नळी काळी होती. उजवी लख्ख, घासलेल्या चमच्यासारखी. डावीत मात्र कुणी बोट घालून आतून काजळ फिरवावं तसं झालेलं. काडी स्कूटरवर एक पाय रस्त्यावर टेकवून बसली होती आणि तिचे डोळे त्या सायलेन्सरच्या दोन तोंडांवरून हलेनात. आजूबाजूला शंभरेक माणसं तरी असतील. त्यांना दिसत होती ती गडद हिरवी, बुटकी, बसक्या नाकाची स्पोर्ट्स कार. शेजारचा मोटरसायकलवाला तर फोन काढून फोटो घेत होता आणि मागे बसलेल्या मित्राला सांगत होता, "ही आपल्याला या जन्मात नाही परवडत, पण बघायला काय पैसे पडतात?" काडीला गाडी दिसतच नव्हती. तिला नळ्या दिसत होत्या, आणि बंपरच्या खाली उजव्या कोपऱ्यात नखाएवढा एक ओरखडा. तो ओरखडा तिच्या ओळखीचा होता. सात महिन्यांपूर्वी तिनेच रिपोर्टात लिहिला होता: मागच्या बंपरला खाली ओरखडा, नखाएवढा. नखाएवढं सुद्धा सोडत नाही आपण, असं तेव्हा वाटलं होतं तिला. सिग्नल सुटला. गाडी घसा खाकरून पुढे गेली आणि डाव्या नळीतून निळसर धुराचा एक छोटा भपका सुटला, लगेच विरला. मागून कुणीतरी हॉर्न दाबून धरला. एरवी काडीने मान वळवून त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज तिने गुपचूप स्कूटर पुढे घेतली.

काडी हे तिचं गॅरेजमधलं नाव. अंगाने काडी म्हणूनही, आणि ओढली की पेटते म्हणूनही. वय एकवीस, दहावी अर्धवट, हात असे बारीक की जिथे दुसऱ्याचा पाना अडकतो तिथे तिचं अख्खं मनगट जातं. तिच्या गॅरेजात जुन्या स्पोर्ट्स कार येतात, विकत घ्यायच्या आधी दाखवायला. नवी गाडी घेताना माणूस रंग निवडतो, जुनी घेताना त्याने रोग निवडायचा असतो, असं तिचा उस्ताद म्हणतो. बाहेरून नवरदेव आणि आतून क्षयरोगी अशा गाड्या काडीने ढिगाने बघितल्या होत्या. या हिरवीच्या जातीचा तर एक ठरलेला रोग. तिचं इंजिन मागे, खाली, आडवं झोपलेलं. तीन सिलिंडर उजवीकडे, तीन डावीकडे. आत पिस्टन पुढेमागे पळतो आणि सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी लागते. काही गाड्यांत ती खरवडली जाते. बाहेरून काही कळत नाही. थोडं तेल जास्त लागतं, सकाळी जरा टिकटिक होते, आणि मग एका बाजूची नळी काळी पडते. नळी काळी पडली म्हणजे तेल जळतंय, आणि तेल जळतंय म्हणजे भिंत गेली. एवढं उलगडून सांगायला उस्तादला अर्धा तास लागतो. काडीला सिग्नलवर एक श्वास पुरला होता.

तिचं काम भिंत बघायचं. स्पार्क प्लग काढायचा, त्या भोकातून गवताच्या काडीएवढा कॅमेरा आत सोडायचा, पडद्यावर बघायचं, फोटो काढायचा. सहा सिलिंडर, सहा फोटो. प्रत्येक फोटोखाली ती स्वतःच्या अक्षरात एकच शब्द लिहायची: पाहिलं. बाकीचे लोक 'ठीक', 'उत्तम', 'शंका नाही' असलं काहीबाही लिहितात. काडीचं म्हणणं, ठीक आहे की नाही ते फोटो सांगेल, मी फक्त एवढं सांगते की माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाजारात ते चाललं. दलाल लोकसुद्धा म्हणायला लागले, काडीने पाहिलेली आहे, घ्या डोळे मिटून. शाळेने जिला हाकललं, खरं तर जी स्वतःच निघून आली, तिच्या एका शब्दावर लोक घराएवढी किंमत मोजत होते. ते तिला आवडायचं. कुणाला सांगितलं नसतं तिने, पण रात्रीची भाकरी आवडते तसं आवडायचं.

आणि त्या हिरव्या गाडीच्या सहाव्या फोटोखाली तिने न पाहता पाहिलं लिहिलं होतं.

गॅरेजात येऊन तिने एका पांढऱ्या गाडीचं चाक काढलं, परत बसवलं, परत काढलं. उस्ताद लांबून बघत होता. त्याची कंबर गेलेली, त्यामुळे तो दिवसभर एका उंच स्टुलावर बसून सगळ्यांच्या हातांकडे बघतो. "ते चाक गोल आहे," तो म्हणाला, "कितीही वेळा काढलंस तरी गोलच निघणार." काडीने पाना खाली ठेवला. "उस्ताद, एकाच बाजूची नळी काळी असली तर?" "तर ती बाजू मेली. कुणाची गाडी?" "रस्त्यात दिसली." "मग रस्त्यातच राहू दे. आपल्या दारात आली की रडू." उस्तादने चष्मा कपाळावर सरकवला. "आणि चालवत राहिला माणूस तर?" तिने विचारलं. "चालवेल की. सहा महिने चालवेल, वर्षभर चालवेल. मग एक दिवस आतलं काहीतरी तुटेल आणि अख्खं इंजिन भंगारात. गाडीच्या किमतीत नुसतं इंजिन येतं तिचं. आणि भर वेगात जाम झालं तर इंजिनाचं सोड, माणसाचं बघायचं." मग जरा थांबून, "रिपोर्ट कुणाचा होता?" "कुणाचा तरी." "मग त्या कुणाच्या तरी नाकाचं काही खरं नाही," उस्ताद म्हणाला आणि दुसऱ्याच्या हातांकडे बघायला लागला.

कुणाचा तरी. शब्द तोंडातून कसा गुळगुळीत निघाला. तिला तो दिवस नखशिखांत आठवत होता, नको तेवढा. गाडी दलालाच्या आवारात, जॅकवर चढवलेली, मागची चाकं काढलेली. गिऱ्हाईक म्हणून आले होते ते दातांचे डॉक्टर, नुकतेच रिटायर झालेले, बासष्ट वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट, आणि गाडीकडे बघताना तोंड असं की जत्रेत हरवलेलं पोर. ते एका पालथ्या डब्यावर बसून तिच्या पडद्यात डोकावत होते. "अरे, हे तर माझंच काम," ते म्हणाले होते. "अंधारात दिवा घालायचा आणि कीड शोधायची. फक्त तुझा पेशंट ओरडत नाही." काडीला हसू आलं होतं. पहिला सिलिंडर आरसा. दुसरा आरसा. डॉक्टर सांगत होते, "समोरचे दात सगळेच घासतात. मी पेशंट आला की आधी शेवटची दाढ बघायचो. माणूस तिथे कळतो." मग दलाल कागदपत्रांसाठी त्यांना ऑफिसात घेऊन गेला. तिसरा आरसा, चौथा आरसा, पाचवा आरसा. पाचव्याच्या भिंतीवर फक्त एक अगदी फिकट डाग, तांदळाच्या दाण्याएवढा. आणि सहावा प्लग हलेना. तो सगळ्यात मागे, सगळ्यात आत, दिसत नाही, नुसत्या बोटांनी शोधायचा. अडकलेला प्लग जोर करून तोडला तर इंजिन उघडावं लागतं, म्हणून त्यावर तेल मारून तासभर वाट बघायची असते. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

तेवढ्यात दादाचा फोन. दादा म्हणजे सख्खा मोठा भाऊ, सरळ नाकाचा, सरळ भांगाचा, बँकेत चिकटलेला. "तुझा दहावीचा फॉर्म भरलाय मी," तो म्हणाला. "बाहेरून बसता येतं. आईला पण सांगितलंय." "कुणाला विचारून?" "तुला विचारलं असतं तर भरू दिला असतास?" "आणि सही?" दादा जरा थांबला. "केली मी. तुझी सही काय, कोंबडीचे पाय. कुणाला कळतंय?" मग काय झालं ते तिला नीट आठवत नाही, म्हणजे शब्द आठवत नाहीत, कान तापलेले आठवतात. माझी सही तू केलीस? माझं नाव तू लिहिलंस? गाडीखाली आडवी पडून ती ओरडत होती आणि वरून ग्रीसचा थेंब गालावर पडला होता. फोन आपटला. परत प्लगला पाना लावला. हलेना. दलाल लांबून, "झालं का हो बाई? डॉक्टर सही करायला बसलेत." पाच आरसे निघाले म्हणजे सहावा काय वेगळा निघणार आहे? एकाच आईची लेकरं. तिने पाचव्याचा फोटो घेतला, उलटा फिरवला, म्हणजे तो डाग वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला, आणि सहाव्याच्या जागी चिकटवला. खाली लिहिलं: पाहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं. ते सुद्धा आठवतं.

सात महिने तिने हे डोक्यात कुठे ठेवलं होतं तिलाच माहीत नाही. विसरली नव्हती. फक्त त्या बाजूला जात नव्हती, जशी ती शाळेच्या रस्त्याने जात नाही. शाळेचा रस्ता जवळचा पडतो, गॅरेजला सरळ येतो, तरी चार वळणं जास्त घेते. नववी संपून दहावी लागली होती. गणिताच्या बाई दोन पेपर हातात धरून उभ्या होत्या, शेजारीशेजारी, सगळ्या वर्गाला दिसतील असे. दोन्हीत एकच चूक. एकाच ओळीत, एकाच ठिकाणी शून्य सुटलेलं. "चूक बरोबर येते ना, तेव्हा कॉपी असते," बाई म्हणाल्या होत्या. "कोणी कोणाचं बघितलं?" मागच्या बाकावरची खाली मान घालून बसलेली. चूक काडीची होती. तिची स्वतःची, अस्सल. मागचीने ती उचलली होती. काडीला सांगता आलं असतं. पण बाईंनी आधीच तिच्याकडे बघितलं होतं, दोघींकडे नाही, तिच्याच एकटीकडे, आणि त्या बघण्याने तिचे कान तापले. कंपासपेटी खिडकीतून भिरकावली आणि निघाली. आई दोन दिवस समजावत होती, "अगं, खरं ते सांगून ये, संपलं." नाही गेली. मी केलेलं नाही ते मी का सांगत फिरू? पाच वर्षं ती ते वाक्य खिशात घालून फिरली होती, पान्यासारखं, लागेल तेव्हा काढायला. आणि आता पांढऱ्या गाडीच्या चाकासमोर उकिडवं बसल्यावर तिच्या डोळ्यांपुढे दोन फोटो येत होते, शेजारीशेजारी, सगळ्या वर्गाला दिसतील असे. दोन्हीत एकच डाग.

दुपारी दोनला तिने पेटी स्कूटरला बांधली. उस्तादने विचारलं, "कुठे?" "रस्त्यात," ती म्हणाली.

डॉक्टरांचं घर तळमजल्यावर. दाराबाहेर छपराखाली हिरवी गाडी, आणि व्हरांड्यात पेशंटची ती जुनी खुर्ची, मागे कलणारी, वर दिव्याचा हात असलेली. क्लिनिक बंद केल्यावर खुर्ची कुणी घेईना म्हणून घरी आणलेली. डॉक्टर त्यात आडवे पडून पेपर वाचत होते. काडीला बघून त्यांना खरंच आनंद झाला, आणि तोच तिला सगळ्यात जड गेला. "बस, बस. नाही, स्टुलावर नको, तो डुगडुगतो. या खुर्चीत बस." ती बसली. खुर्ची आपोआप मागे कलली आणि तिला छत दिसायला लागलं. पाच वर्षांत कुणासमोर इतकं आडवं होऊन ती बोलली नव्हती.

"गाडी कशी आहे?"

"झकास. थोडं तेल पिते. बरं आहे, घरात कुणाला तरी चालतं. माझं तर डॉक्टरांनी बंद केलंय."

"किती पिते?"

"महिन्याला एक डबा. कधी दीड."

"आणि मला फोन नाही केलात?"

डॉक्टरांनी पेपरची घडी घातली. परत उलगडली. परत घातली. काडी छताकडे बघत म्हणाली, "सहावा मी बघितलाच नव्हता." बोलून झाल्यावर तिला वाटलं आता काहीतरी होईल, निदान भांडं तरी पडेल आत कुठेतरी. काही पडलं नाही.

"माहितीय," डॉक्टर म्हणाले.

"काय माहितीय?"

"पाचवा आणि सहावा एकच फोटो आहे. उलटा लावलाय. अगं पोरी, मी चाळीस वर्षं एक्स-रे वाचले. कंपाउंडर दिवसाला दोन तरी उलटे लावायचा. मला तो डाग त्याच संध्याकाळी दिसला, पैसे द्यायच्या आधी."

काडी ताडकन उठायला गेली, पण त्या खुर्चीतून ताडकन उठता येत नाही. आधी पाय खाली घ्यावे लागतात, मग कंबर, मग डोकं. तेवढ्या वेळात तिचे कान तापून लाल झाले. "मग बोलला का नाहीत? शिव्या घालायच्या होत्या! उस्तादला फोन करायचा होता! सात महिने तुम्ही नुसतं..." चोर ती होती आणि ओरडतही तीच होती. डॉक्टरांनी ओरडू दिलं. दुखऱ्या तोंडासमोर बसायची सवय होती त्यांना.

"बोललो असतो तर तू परत आली असतीस," ते म्हणाले. "परत बघितलं असतंस. आणि काही निघालं असतं, तर मला गाडी घेता आली नसती. तीस वर्षांचा होतो तेव्हापासून हवी होती. आधी क्लिनिक, मग घर, मग मुलीचं शिक्षण, मग हिचं आजारपण. आता कुणी नाही म्हणायला उरलं नव्हतं, आणि नाही म्हणणारा एक फोटो मला नको होता. लिहिलंयस ना पाहिलं? मग पाहिलं." त्यांनी गाडीकडे बघितलं. "माझे पेशंट असेच असायचे. दाढ दुखत असते, पण येत नाहीत. दुसऱ्या बाजूने चावतात. वर्ष वर्ष चावतात. मी त्यांना रागवायचो. आता मी ही घेऊन वाचनालयापर्यंत जातो आणि परत येतो. चाळीसच्या वर नेत नाही. आज सिग्नलपर्यंत गेलो तेच लांब."

"चावी द्या," काडी म्हणाली.

तिने मागचं डावं चाक काढलं, आत हात घातला, प्लगवर तेल मारलं आणि घड्याळ बघितलं. तासभर. दोघं छपराखाली बसून राहिले. डॉक्टरांनी चहा आणला, तो पाणचट होता, तिने तसं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी झालं काय होतं?" "राग आला होता." "माझा?" "दादाचा. माझी सही त्याने केली होती, मला न विचारता." बोलली आणि स्वतःचंच वाक्य तिच्या कानात पडलं, पूर्ण, सुट्टं, दुसऱ्या कुणी म्हटल्यासारखं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी रिकामा कप उचलून उगाच परत खाली ठेवला. तास झाला. तिने पाना लावला, पाव फेरा सोडवला, पाव फेरा परत आवळला, परत सोडवला. धीर धरायचा असतो या कामात, आणि धीर तिच्याकडे एवढ्या एकाच कामासाठी आहे, असं आई म्हणते. प्लग कुरकुरला आणि आला. ओला, काळा, तेलाने माखलेला. डॉक्टरांनी तो बोटांत धरून वळवला आणि सवयीने म्हणाले, "उशीर केलात हो."

कॅमेरा आत गेला. "तुम्ही बघा आधी," काडी म्हणाली आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. ते चष्मा काढून अगदी जवळ वाकले. भिंतीवर उभे ओरखडे होते, मांजराने पडदा ओढावा तसे. तीन खोल, बाकीचे बारीक. बाहेर कुणीतरी गाद्या झोडपत होतं, त्याचा आवाज येत होता. मग डॉक्टरांनी विचारलं, "भरता येईल, की काढायचं?" "काढायचं. अख्खं इंजिन खाली. सहाही भिंती नव्याने घालायच्या. दोन महिने जातील. गाडीच्या निम्म्या किमतीला पडेल. मजुरी मी घेणार नाही, पण तरी पडेल." "आणि तेव्हाच कळलं असतं तर?" "घेतलीच नसती तुम्ही." डॉक्टरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. "चालवायची नाही ना आता?" "इंचभर पण नाही."

त्यांनी आतून फाइल आणली. रिपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात, जपून ठेवलेला, एखाद्याच्या प्रमाणपत्रासारखा. सहाव्या चौकटीतलं ते सुंदर अक्षर. काडीने पेन काढलं. "खोडते." "खोडायचं नाही," डॉक्टर पहिल्यांदाच जरा कडक आवाजात म्हणाले. "आमच्यात खोडत नाहीत. खाली लिहायचं, तारीख घालून." तिने खाली तारीख घातली. लिहिलं: आज पाहिलं. गेली आहे. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलं.

मग तिने तिथूनच उस्तादला फोन लावला आणि सगळं सांगितलं, मध्ये न थांबता, नाहीतर थांबलीच असती. पलीकडून गॅरेजातली ठोकाठोक ऐकू येत होती. उस्ताद म्हणाला, "असे अजून किती उलटे लावलेत?" "एकच." "मी कसं मानू?" काडीचे कान तापायला लागले. एरवी या वाक्याला तिच्याकडून काहीतरी भिरकावलं जायचं. हातात पाना होता. तिने तो पेटीत ठेवला, त्याच्या खाचेत, नीट. "नका मानू," ती म्हणाली. "गेल्या सात महिन्यांतल्या सगळ्या गाड्या बोलवा. परत उघडते. आधी शेवटचा सिलिंडर." "एकतीस आहेत. धंद्याची माती होईल." "माहितीय." बराच वेळ नुसती ठोकाठोक. मग उस्ताद म्हणाला, "उद्या सातला ये. एकेकाला फोन तू करायचास. माझ्या तोंडून नाही जायचं हे," आणि ठेवून दिला.

गाडीची चावी तिने पँटच्या खिशात घातली होती, ती स्कूटरवर बसल्यावर मांडीला टोचत होती. त्याच सिग्नलला लाल लागला. पुढे एक साधी पांढरी गाडी, एकच नळी, स्वच्छ. काडी तरी बघत राहिली. एकतीस लोकांना काय सांगायचं, पहिलं वाक्य काय, हॅलो म्हणायचं की सरळ. सिग्नल कधी हिरवा झाला तिला कळलंच नाही. मागच्याने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. काडीने स्कूटर स्टँडवर लावली, सावकाश मागे वळली आणि त्याच्या पणजोबापासून सुरुवात केली.